पेरणी पुढे, पीक मागे: सस्कॅचवानमधला २०२१ चा वसंत

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात २०२१ च्या मे महिन्यात पेरणी इतक्या वेगाने उरकली की ती पाच वर्षांच्या सरासरीच्या बरीच पुढे गेली. नुसता पेरणीचा टक्का पाहणाऱ्याला वर्ष जोरात जाणार असं वाटलं असतं. प्रत्यक्षात त्याच हंगामात कॅनडाचं कॅनोला (मोहरीच्या कुळातलं तेलबी), गहू, मसूर आणि वाटाण्याचं उत्पादन कोसळलं. पेरणी लवकर झाली हे दुष्काळाचं कारण नव्हतं. उलट जमीन कोरडी होती म्हणूनच पेरणी लवकर झाली. ट्रॅक्टर कुठे रुतला नाही, पावसाने एक दिवस खाडा पडला नाही, वाफसा येण्याची वाट पाहावी लागली नाही. ज्या कारणाने टक्का चढत होता, त्याच कारणाने पुढे पीक बसणार होतं.

आपल्याकडे जूनमध्ये धूळपेरणी करून आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तिकडे पेरणीची खिडकी अरुंद असते. एप्रिलअखेर जमीन उमलते, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळं रानात पडावं लागतं आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा दहिवर गोठायला लागतं. दुबार पेरणीची सोय नावापुरतीच असते.

अहवाल काय सांगतो आणि काय सांगत नाही

प्रांताचं कृषी मंत्रालय एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला पीक अहवाल काढतं. ग्रामीण नगरपालिकांच्या हद्दीतले दोनशेहून जास्त स्वयंसेवक वार्ताहर माहिती पाठवतात आणि ती सहा विभागांत मांडली जाते: आग्नेय, नैर्ऋत्य, पूर्व-मध्य, पश्चिम-मध्य, ईशान्य आणि वायव्य. पेरणीचा टक्का, वरच्या थरातली ओल, पिकांची अवस्था, पाऊस, नुकसानीची कारणं हे सगळं त्यात असतं. ओलीच्या चार पायऱ्या आहेत: जादा, पुरेशी, कमी आणि अतिकमी.

घोटाळा होतो तो 'वरच्या थरातली' या शब्दांत. पुरेशी म्हणजे बी उगवण्यापुरती पुरेशी. दीड-दोन फूट खाली काय आहे हे त्या रकान्यात येत नाही. आणि गव्हाचं गणित खालच्या ओलीवरच चालतं. ढोबळ मानाने पहिले १०० मिलिमीटर पाणी फक्त झाड उभं करण्यात जातं, त्यातून दाणा मिळत नाही. त्यापुढच्या प्रत्येक इंचाला, म्हणजे २५ मिलिमीटरला, एकरी साधारण ५ ते ६ बुशेल गहू पदरात पडतो. गव्हाचा बुशेल २७.२ किलोचा. पोयट्याच्या भारी जमिनीत एक फूट खोलीला जवळजवळ दोन इंच पाणी साठतं, रेताड जमिनीत एक इंच. म्हणजे चार फूट ओल भरलेली भारी जमीन आणि एक फूट ओल असलेली तीच जमीन यांत पेरणीच्या दिवशीच सहा इंच पाण्याचा फरक असतो, आणि दोन्हींची नोंद अहवालात 'पुरेशी' अशीच पडू शकते.

२०२० चा शरद कोरडा गेला आणि त्यानंतरचा हिवाळा बऱ्याच भागात बर्फाला कंजूष निघाला. वसंतात बर्फ वितळून जे पाणी मुरतं आणि शेततळ्यांत उतरतं, ते २०२१ मध्ये नव्हतं. प्रांताचा नैर्ऋत्य भाग तसा अवर्षणाचाच. १८५७ ते १८६० दरम्यान जॉन पॅलिसरच्या मोहिमेने हा पट्टा पाहिला आणि शेतीला अयोग्य ठरवला. 'पॅलिसरचा त्रिकोण' हे नाव त्यावरून पडलं. आज त्याच तपकिरी मातीत मसूर आणि ड्युरम, म्हणजे आपल्या बन्सीच्या कुळातला गहू, यांची मोठी पेरणी होते. कमी पाण्यावर हीच पिकं तग धरतात, म्हणून ती तिथे आहेत.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. टोकाला गोळी असलेली लोखंडी सळई जमिनीत दाबायची. ओल आहे तिथपर्यंत ती जाते, कोरड्या थराला अडते. मग फावड्याने त्या खोलीची माती काढून मुठीत दाबायची. गोळा होऊन हाताला ओलसर लागली तर ठीक, बोटांनी हलकं दाबल्यावर फुटली तर कमी. ही तपासणी बांधाजवळ न करता रानात पाच-सहा ठिकाणी करायची, उंचवट्यावर आणि खोलगटात वेगवेगळी.

चाड्यातून मातीत: खोली, बी आणि खत

पेरणीचा क्रम ठरलेला असतो. जमीन ५ अंश सेल्सिअसला आली की वाटाणा आणि मसूर, मागोमाग ड्युरम आणि वसंती गहू, मग कॅनोला, बार्ली, ओट, शेवटी जवस. २०२१ मध्ये हा क्रम सांभाळायलाही फारसा वेळ लागला नाही. सत्तर फूट रुंदीचं एअर ड्रिल, म्हणजे पंख्याच्या हवेने नळ्यांतून बी फणांमागे सोडणारं पेरणीयंत्र, ताशी पावणेपाच-पाच मैलांनी चालवलं तर भरणं, वळणं धरून तासाला तीस ते पस्तीस एकर उरकतात. पावसाचा खाडा नसेल तर १६० एकरांचा एक तुकडा सुमारे पाच तासांत हातावेगळा होतो.

पेच खोलीचा होता. मसुराचं बी अडीच ते सहा सेंटिमीटरवर चालतं, वाटाण्याचं सातपर्यंत. या पिकांची बीजपत्रं, म्हणजे दाण्याच्या दोन डाळी, जमिनीतच राहतात, कोंब तेवढा वर येतो, त्यामुळे ओल शोधत बी थोडं खोल टाकलं तरी उगवतं. कॅनोलाचं तसं नाही. हजार दाण्यांचं वजन ४ ते ६ ग्रॅम. एवढ्याशा शिदोरीवर त्याला दोन बीजपत्रं वर ढकलायची असतात. त्याची खोली सव्वा ते अडीच सेंटिमीटर. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कित्येक रानांत तेवढ्या खोलीत धूळ होती आणि ओल पाच सेंटिमीटरवर. मग दोन रस्ते उरतात. एक, ओलीपर्यंत खोल जायचं आणि उगवण उशिरा, अशक्त आणि कमी होणार हे मान्य करायचं. दोन, सव्वा-दीड सेंटिमीटरवर धुळीत पेरून पावसावर भरवसा ठेवायचा. पावसाची चिन्हं असतील तर दुसरा रस्ता बहुधा बरा. कोरड्या धुळीत बी आठवडा-दोन आठवडे सुखरूप पडून राहतं. धोका अर्धवट ओलीचा असतो: बी फुगतं, मोड फुटतो आणि पुढची ओल न मिळाल्याने तिथेच वाळतं. एका रानात काही ओळी उगवलेल्या, काही रिकाम्या असं दिसलं की बहुतेक हेच झालेलं असतं.

खोली यंत्राच्या खुणेवर विश्वासून ठेवायची नाही. शंभर मीटर पेरून थांबायचं, माती हळूच खरवडून बी शोधायचं आणि तेही पुढच्या रांगेच्या फणामागे, मागच्या रांगेच्या फणामागे आणि ट्रॅक्टरच्या चाकाच्या मागे असं तीन ठिकाणी. वेग जास्त असला की मागचे फण उडवलेली माती पुढच्या फणांच्या तासावर, म्हणजे त्यांनी पाडलेल्या चरावर, टाकतात, आणि दीड सेंटिमीटरवर लावलेलं बी चारवर जाऊन बसतं. कोरडी, भुसभुशीत माती जास्त उडते. म्हणून कोरड्या वर्षात वेग कमी करणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, आणि घाईच्या वर्षात तोच कुणाला सुचत नाही. पंख्याचा वेगही पाहावा लागतो. कमी असला तर नळ्या तुंबतात, जास्त असला तर मसूर-वाटाण्याचे दाणे नळीत आपटून तडकतात. ओलावा तेरा टक्क्यांच्या खाली गेलेलं कडधान्याचं बी तर हमखास फुटतं. शेवटच्या नळीतून बाहेर पडलेलं बी पिशवीत धरून तडकलेले दाणे मोजून पाहावेत.

बियाण्याचा दर वजनावर ठरवला तर फसगत होते. रोपांच्या संख्येवर ठरवायचा. सूत्र सोपं आहे: चौरस मीटरला हवी असलेली रोपं गुणिले हजार दाण्यांचं ग्रॅममधलं वजन, भागिले जगण्याची अपेक्षित टक्केवारी, उत्तर येतं हेक्टरी किलो. मसुराची १३० रोपं हवीत, हजार दाणे ४० ग्रॅमचे, ८० टक्के जगतील असं धरलं तर हेक्टरी ६५ किलो. कॅनोलाची ७० रोपं, ५ ग्रॅम, आणि जगण्याची टक्केवारी फक्त ६०: हेक्टरी ५.८ किलो. चांगल्या वर्षातसुद्धा कॅनोलाच्या पेरलेल्या दहा दाण्यांतले चार वाया जातात. कोरड्या, वाऱ्याच्या वर्षात ६० चा आकडा ४५ धरला तर दर हेक्टरी ७.८ किलोवर जातो. संकरित बियाणं महाग असल्याने तिथे हात आखडतो, आणि आधीच विरळ होणारं रान आणखी विरळ होतं.

खताचा मारही याच वर्षी बसतो. बियाण्यासोबत तासात दिलेला युरिया ओल असेल तर पसरतो, नसेल तर अमोनियाने आणि क्षारांनी बियाणंच जाळतो. कॅनोलासोबत तासात नत्र शक्यतो टाकूच नये. नत्र बाजूच्या पट्ट्यात किंवा दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात जावं. अरुंद फणाला एकरी २० ते २५ पौंड स्फुरद बियाण्यालगत चालतं, पण ती मर्यादा चांगल्या ओलीची आहे. कोरड्यात ती निम्म्यावर आणावी लागते. कडधान्यांच्या रायझोबियम संवर्धकाचंही तसंच: बियाण्यावर चोळलेले जिवाणू कोरड्या मातीत लवकर मरतात, दाणेदार संवर्धक वेगळ्या टाकीतून तासात सोडलेलं जास्त टिकतं.

मसूर जमिनीलगत कापावा लागतो, म्हणून पेरणीनंतर लोळण फिरवून दगड खाली दाबतात. २०२१ सारख्या वसंतात लोळण फिरवलेलं सपाट, भुगा झालेलं रान म्हणजे वाऱ्याला आमंत्रण. मसूर पाच ते सात पानांवर येईपर्यंत लोळण थांबवता येते. फक्त झाडं ओली असताना, किंवा दंव नाहीतर तणनाशकाचा ताण नुकताच गेलेला असताना ती फिरवायची नाही.

मे अखेर: पाऊस, बर्फ आणि दंव

मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बऱ्याच भागात पाऊस झाला, काही ठिकाणी बर्फही पडला. अहवालातली ओल सुधारली. धुळीत पडलेलं कॅनोला उगवायला लागलं. पण वरची ओल खालच्या ओलीला भिडली नाही. मध्ये कोरडा थर राहिला, आणि रोपाची मुळं त्या थराशी येऊन थबकली. त्याच सुमाराला रात्री पारा शून्याखाली गेला.

दंवाने कुठलं पीक मरतं हे त्याचा वाढीचा कोंब कुठे आहे यावर ठरतं. गव्हाचा, बार्लीचा कोंब पाच-सहा पानांपर्यंत जमिनीखाली सुरक्षित असतो. पानं पांढरी पडतात, पण नवं पान येतं. मसूर-वाटाणा वरून जळला तरी जमिनीतल्या पेरापासून पुन्हा फुटतो. कॅनोलाचा कोंब दोन बीजपत्रांच्या मधोमध, उघड्यावर. तो गेला की रोप गेलं. म्हणून दंवानंतर पुन्हा पेरणी जवळजवळ नेहमी कॅनोलाचीच होते, आणि २०२१ मध्येही तसंच झालं.

दंवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रान पाहून निर्णय घेणं ही नेहमीची चूक. काळी पडलेली बीजपत्रं म्हणजे मेलेलं रोप नव्हे. काही दिवस थांबून कोंबापाशी हिरवं टोक दिसतं का, आणि जमिनीलगत देठ चिमटल्यासारखा बारीक झालाय का, हे पाहायचं. देठ चिमटला असेल तर वर हिरवं दिसलं तरी वाऱ्याने ते मोडतं. मग मोजणी. ओळींतलं अंतर २५ सेंटिमीटर असेल तर एक मीटर ओळीतली जिवंत रोपं गुणिले चार म्हणजे चौरस मीटरची संख्या. अशा निदान दहा जागा, रस्त्यावरून दिसणाऱ्या चांगल्या पट्ट्यात नव्हे तर रानात तिरकं चालत.

चौरस मीटरला २० ते ३० रोपं एकसारखी पसरलेली असतील तर कॅनोला सहसा मोडू नये. संकरित वाण फांद्या फोडून बरीच जागा भरतो. उशीर केला तर काय होतं ते दिवस मोजून पाहावं: १० जूनला पेरलेलं शंभर दिवसांचं कॅनोला १८ सप्टेंबरला पिकतं, आणि तोवर दंव येऊन गेलेलं असू शकतं. दंवाने मारलेल्या दाण्यात हिरवा रंग अडकतो. पहिल्या प्रतीच्या कॅनोलात ठळक हिरवे दाणे २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत, त्यामुळे भाव पडतो. शिवाय जी ओल पहिल्या पेरणीला पुरली नाही, तीच दुसऱ्या पेरणीच्या फणाने आणखी उघडी पडते. पीक विम्याच्या २० जूनच्या मुदतीचा काटा डोक्यावर असतोच. मोडण्याआधी विमा महामंडळाच्या माणसाला रान दाखवलं नाही तर दावा अडतो.

दंवातून वाचलेल्या रोपांना उडद्या भुंगेऱ्यांनी गाठलं. द्राक्षबागायतदारांच्या ओळखीच्या उडद्याचा हा दूरचा भाऊबंद. तिकडे दोन जाती त्रास देतात, काळसर आणि पट्टेवाली. पट्टेवाली लवकर बाहेर पडते आणि बीजप्रक्रियेतल्या निओनिकोटिनॉइड औषधांना कमी दाद देते. बीजप्रक्रियेचं संरक्षण पेरणीपासून मोजलं तर तीन-चार आठवड्यांचं. घड्याळ बी मातीत पडल्यापासून चालतं, उगवल्यापासून नव्हे. धुळीत दोन आठवडे पडून राहिलेल्या बियाण्याचं निम्मं संरक्षण रोप दिसण्याआधीच संपतं. त्यात ओल कमी म्हणून रोप सावकाश वाढतं आणि औषधही कमी शोषतं. फवारणीची मर्यादा पानाचा चौथा भाग खाल्ल्यावर. निम्मं पान गेल्यावर फवारलं तर नुकसान होऊन गेलेलं असतं. पण फवारणीला वारा हवा शांत, आणि तोच नव्हता. वाऱ्याच्या गार दिवशी भुंगेरे पानाच्या खाली, देठावर जाऊन बसतात. वरून पान ठीक दिसतं आणि देठ कुरतडलेला असतो. रोज एकदा वाकून पाहणं याला पर्याय नाही.

जून-जुलै आणि मसुराचा बाजार

जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेत पारा ३५ अंशांच्या पुढे गेला, जोडीला सुसाट वारा. उडणाऱ्या रेतीने कोवळी रोपं जमिनीलगत कापली गेली. महिन्याअखेर पश्चिम कॅनडावर उष्णतेची ती कुप्रसिद्ध घुमटी बसली. २९ जूनला पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लिटन गावी ४९.६ अंशांची नोंद झाली, आणि पुढे उष्णता पूर्वेला प्रेअरीवर, म्हणजे सस्कॅचवानसह सपाट गवताळ प्रांतांवर, सरकली. कॅनोला तेव्हा फुलोऱ्यात किंवा त्याच्या तोंडाशी. तीस अंशांच्या वर फुलं गळतात, शेंग धरत नाही. ओल असती तर पुन्हा फांद्या फुटून फुलल्या असत्या. मेमध्ये 'पुरेशी' नोंदलेली ओल जुलैत कुठेच नव्हती. प्रांताने विम्याचे नियम सैल केले, जेणेकरून उभं खुरटलेलं धान्य चारा म्हणून कापता यावं. गुरांच्या शेततळ्यांत पाणी आटून क्षार वाढले, काही ठिकाणी ते पाजण्यासारखं राहिलं नाही.

त्या वर्षअखेरच्या सरकारी अंदाजात कॅनडाचा गहू ३.५२ कोटी टनांवरून सुमारे २.१७ कोटींवर, कॅनोला १.९५ कोटींवरून १.२६ कोटींवर आला (कॅनोलाचा आकडा पुढे थोडा वर सुधारला). मसूर २९ लाख टनांच्या आसपासवरून १६ लाखांवर, वाटाणा ४६ लाखांवरून निम्म्यावर. कॅनडाचा बहुतेक सगळा मसूर सस्कॅचवानचा, आणि भारतात येणाऱ्या मसुरात कॅनडाचा वाटा मोठा. २६ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने मसुरावरचं मूळ आयात शुल्क १० टक्क्यांवरून शून्यावर आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर २० वरून १० टक्क्यांवर आणला. तोवर तिकडचं पीक करपून गेलं होतं. डाळीच्या व्यापाऱ्याने मेमधला पेरणीचा टक्का पाहून मुबलक आवकेचा अंदाज बांधला असता, तर तो दोन महिन्यांत उलटा फिरला असता.

पुढच्या वसंतावर उरलेली सावली

कोरड्या वर्षाचा एक हिशोब दुसऱ्या वर्षी चुकता करावा लागतो: तणनाशकांचे अवशेष. इमिडाझोलिनोन गटातली औषधं, क्लोपायरालिड वगैरे मातीत जिवाणूंकडून मोडतात, आणि जिवाणूंना जून ते ऑगस्टमध्ये ओल लागते. २०२१ मध्ये ती मिळाली नाही. लेबलवर 'पुढच्या वर्षी हे पीक चालेल' असं छापलेलं असलं तरी ते सामान्य पावसाच्या वर्षाचं. क्लोपायरालिड राहिलेल्या रानात मसूर-वाटाणा पेरला तर रोपं पिळवटतात. इमिडाझोलिनोन राहिलेल्या रानात सहनशील नसलेलं कॅनोला खुरटतं.

२०२२ च्या वसंतात प्रांत दोन तुकड्यांत विभागला. पश्चिमेला कोरडच कायम आणि पेरणी पुन्हा वेगात. पूर्वेला उशिराचा बर्फ आणि पाऊस, यंत्रं चिखलात, पेरणी खूप मागे. प्रांताची सरासरी या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडली, आणि ती दोन्हींपैकी कुणाच्याच रानाची नव्हती. पश्चिमेकडच्या ज्या रानांत आदल्या वर्षी शंकास्पद तणनाशक गेलं होतं, तिथे करण्यासारखी चाचणी साधी आहे. त्या रानातली वरची दहा-पंधरा सेंटिमीटर माती आठ-दहा जागांहून काढायची, उंचवट्यावरची आणि खोलगटातली वेगळी ठेवायची. ज्या कोपऱ्यात औषध पडलं नाही तिथली माती तुलनेला घ्यायची. दोन्ही तबकांत भरून मसूर पेरायचा, सारखं पाणी द्यायचं आणि तीन आठवडे खिडकीत ठेवायचं. शंकेच्या तबकातली रोपं बुटकी, पिवळी किंवा वाकडी निघाली, तर त्या रानात मसुराऐवजी गहू.